मचाणावरून दिसलेलं सहा टोकांचं हरीण

प्रति,
मा. जिल्हा शिकार परवाना अधिकारी,
जिल्हा कार्यालय, होल्टेनब्रूक.

अर्जदार : कु. टाल्के झीमर्स, वय १६ वर्षे २ महिने, इयत्ता दहावी, मु. एल्सहागेन.

विषय : माझे मामा श्री. एगबर्ट लूर्सन यांच्या डोळ्यांची तपासणी येत्या शनिवारच्या आत करण्याबाबत.

संदर्भ : माझा युवा शिकार परवाना. (सही करताना आपण "शाब्बास" म्हणाला होतात.)

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की :

१. मी मार्चमध्ये शिकारीची परीक्षा उत्तीर्ण झाले. लेखीला तुकडीत पहिली. ही बढाई नाही (थोडी आहे), पण पुढचा मजकूर घाबरट मुलीचं रडगाणं म्हणून फाईलला लावला जाऊ नये, यासाठी नमूद केलं. अठरा पूर्ण होईपर्यंत मला जाणत्या शिकाऱ्यासोबतच मचाणावर बसता येतं. माझे जाणते शिकारी म्हणजे मामा. आम्ही त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. चाळीस वर्षांत त्यांचा एकही नेम चुकला नाही असं गाव म्हणतं. मामा म्हणतात, "दोन चुकले. तेव्हा गाव झोपलं होतं."

२. दिनांक १० मे, शनिवार, पहाटे सव्वाचार. आमच्या जंगलात वाट जिथे फुटते तिथून डावीकडे ओकाचं मचाण, उजवीकडे कुरणाचं. जो बसायला जातो तो फाट्यावर एक ताजी डहाळी ठेवतो. डहाळीचं टोक ज्या मचाणाकडे, तिकडे बंदूक आहे असं समजून बाकीच्यांनी दुसरीकडे जायचं. एल्सहागेनमध्ये हे दुधवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही ओकाच्या मचाणावर निघालो होतो. मी डहाळी टोक डावीकडे करून ठेवली. मामा वाकले, डहाळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "उलटी ठेवलीस की गं, पोरी. परीक्षेत काय दिवे लावलेस?" आणि त्यांनी ती फिरवली. मी बरोबर ठेवली होती. मला दिसत होतं. तरी मी ती तशीच राहू दिली, कारण ते मामा होते आणि मी परवाना मिळून सात आठवडे झालेली मुलगी. या अर्जातली ही पहिली चूक माझी आहे, ती कृपया माझ्याच नावावर नोंदवावी.

३. पावणेपाचला धुकं गुडघाभर उरलं. रायफल माझ्याकडे, दुर्बीण मामांकडे. नेच्यांमध्ये काहीतरी तपकिरी हललं. मामा पुटपुटले, "नर आहे. सहा टोकांची शिंगं. अगदी आडवा उभा आहे. झाड गोळी." मी रायफलीच्या दुर्बिणीतून पाहिलं. मला शिंगं दिसेनात. मामा म्हणाले, "सहा टोकं गं, मोजलीत मी. कसली वाट बघतेस? तो काय अर्ज करणार आहे?" महोदय, मी सुरक्षेचा खटका पुढे केला. बोट चापावर ठेवलं. मला दिसत नव्हतं तरी ठेवलं, कारण मामांनी मोजली होती.

मग हरणाने कंबरेवर हात ठेवला, सरळ झालं आणि रुमाल काढून नाक शिंकरलं.

४. त्या गेझाबाई म्योरिंग होत्या. वय ७१, तपकिरी कोट, हातात टोपली. मे महिन्यात त्या रोज पहाटे सरबतासाठी सुगंधी पाला खुडतात. मी खटका मागे घेतला, रायफल रिकामी केली आणि खाली उतरले. म्हणजे उतरले असणार. मधल्या पायऱ्या मला आठवत नाहीत. बाई म्हणाल्या, "अगंबाई टाल्के, तुम्ही इथे? डहाळीचं टोक तर कुरणाकडे होतं! म्हटलं, एगबर्ट तिकडे बसलाय तर आपण इकडे खुडू." मामा म्हणाले, "वाऱ्यानं फिरली असेल." धुकं जागचं हलत नव्हतं, इतका वारा होता. बाईंनी माझ्या हातात एक जुडी दिली आणि म्हणाल्या, "किती गारठलीस. जाडजूड स्वेटर घालत जा."

त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. जुडी माझ्या टेबलावर आहे. हा पाला वाळेल तसा जास्त घमघमतो, हे आपणांस माहीत असेलच. मला झोप लागत नाही.

५. आईला सांगितलं. ती म्हणाली, "झालं नाही ना काही? मग घरातलं घरात राहू दे. त्याचा परवाना गेला तर तो माणूस काय करील, भिंतीकडे बघत बसेल?" ते खरं आहे. मामांनी खोटं सांगितलं असंही मला वाटत नाही. त्यांना ती सहा टोकं खरंच दिसली. चाळीस वर्षं ज्या जागी हरीण उभं राहिलं, तिथे त्यांना अजूनही उभं दिसतं. आणि मी परीक्षा द्यावी म्हणून ते गेली दोन वर्षं माझ्या मागे का लागले होते, हेही मला आता कळलं. मला वाटलं, मी हुशार आहे म्हणून. त्यांना शेजारी डोळे हवे होते.

६. रविवार ते बुधवार मी रोज शाळेआधी त्यांच्यासोबत मचाणावर गेले आणि जे हललं त्याला "मादी आहे, सोबत पिल्लू आहे", म्हणजे गोळी चालवायची नाही, असं म्हणाले. एकदा तर झाडाच्या बुंध्यालाही म्हणाले. काल म्हटलं, उद्या गणिताचा पेपर आहे, मला जमणार नाही. मामा म्हणाले, "मग मी एकटा जातो. शनिवारीही जाईन." शनिवारी गावातल्या आठ बायका त्याच उतारावर पाला खुडायला जाणार आहेत. त्यांच्यात माझी आई आहे.

७. सबब विनंती की, तपासणी गावातल्या सर्व अकरा शिकाऱ्यांची व्हावी, म्हणजे मामांना एकट्यावर बोट रोखल्यासारखं वाटणार नाही. ती भिंतीवरची अक्षरं वाचून होऊ नये. अक्षरं मामांना पाठ आहेत. पहाटे पावणेपाचला, ओकाच्या मचाणावरून, रायफलीविना व्हावी. नेच्यांमध्ये तपकिरी कोट घालून वाकून उभं राहायला मी तयार आहे. खरं म्हणजे तयार नाही. पण उभी राहीन. "टाल्के" की "हरीण", एवढंच त्यांनी सांगायचं. मामांचा परवाना गेला तर माझाही कपाटात पडून राहील, याची मला जाणीव आहे.

८. शिकारीहून आल्यावर रायफल पुसायचं काम माझं. काल संध्याकाळी पुसताना मी तिचा बोल्ट काढून घेतला. त्याच्याविना रायफल म्हणजे काठी, हे आपणांस मी काय सांगावं. आज पहाटे चारला मी जिन्यावर बसून पाहत होते. मामांनी कपाट उघडलं, रायफल घेतली, बोल्टच्या रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी रायफल परत ठेवली, कपाट लावलं आणि खुंटीवरच्या माझ्या कोटाकडे बघून हळूच म्हणाले, "जा टाल्के. पेपरला उशीर होईल."

मी त्यांच्या डाव्या बाजूला, चार हातांवर बसले होते.

पेपर साडेदहाला संपला. तिथून थेट इकडे आले. उत्तर मिळेपर्यंत घरी जायचं धाडस होत नाही.

आपली नम्र आणि आपल्याच दाराबाहेरच्या बाकावर बसलेली,
(सही) टाल्के झीमर्स
दिनांक : १५ मे

सोबत :
१) युवा शिकार परवाना, मूळ प्रत.
२) डहाळी, सुकलेली. मामांनी फिरवली तीच.
३) रायफलीचा बोल्ट, पायमोज्यात गुंडाळून. (तो दप्तरातून आणणं नियमात बसत नाही, हे लिहिताना लक्षात आलं. त्याची शिक्षा वेगळी द्यावी, पण शनिवारनंतर.)