नळीचं पोट

सोमवार, ३

आजपासून नवी नोकरी. प्रयोगशाळा लख्ख, खिडकी मोठी आणि साहेब चक्क हसतात. काम सरळ आहे. वीतभर पोलादी नळीत पांढरी भुकटी ठासलेली, तिच्या कणाकणाला डोळ्यांना न दिसणारी भोकं. एका टोकाने पाण्यात विरघळवलेला डिंक सोडायचा. दुसऱ्या टोकाने किती बाहेर आला ते यंत्र कागदावर उंचवटा काढून दाखवतं. साहेब म्हणाले, ही भुकटी अधाशी आहे, डिंक भोकांतच चिकटून बसतो. आधी तिचं पोट भरायचं, मग मोजायचं. घरी म्हटलं, अगदी आमच्या खारूसारखी! लेक पाच वर्षांची, पण राग नाकावर. फुगून बसली.

मंगळवार, ४

वीस वेळा डिंक दिला. रेघ सपाट. साहेब म्हणाले, तुमच्या आधीच्या बाईंनीही या नळीपुढे हात टेकले होते.

बुधवार, ५

डिंक संपला. अहवाल उद्या हवा. लाळही चिकटच, पाण्यात विरघळलेली. नुसतं पोट भरायला काय हरकत आहे? साहेबांचा डोळा चुकवून कुपीत थुंकले आणि ती लाळ नळीत सोडली. नळीने सगळी गिळली.

गुरुवार, ६

तोंडाला कोरड. सकाळी चमच्याला काय म्हणतात तेच आठवेना. खारू खो खो हसली.

दुपारी जुनी वही चाळली. आधीच्या बाईंची शेवटची नोंद: डिंक संपला, स्वतःची थुंकी दिली.

त्या कुठे असतात, विचारलं. घरीच, साहेब म्हणाले. हल्ली बोलत नाहीत. मुलगा, ढब्बू, समोर रडत बसतो, पण त्यालाही हाक मारत नाहीत.

शुक्रवार, ७

लेकीला उठवायला गेले. तिचं नाव — आत्ता जिभेवर होतं. मागच्या पानावर सापडलं. वाचलं. कुणाचं तरी नाव आहे.

फार भीती वाटते. नळी उलटी जोडून गरम पाण्याने धुणार. अडकलेलं सुटतं म्हणे.

शुक्रवार, दुपार

उंचवटा आला. मोठा. तोंडाला पाणी सुटलं — नाव आठवलं. पळत घरी निघाले.

घरी

हाक मारली. ती बघतच राहिली. विचारते, आई, ढब्बू कोण?

तिला जवळ घेतलं. म्हटलं, तूच सांग बाळा तुझं नाव, मी लिहून ठेवते. तिने सांगितलं. लिहिलं — ढब्बू.

नाही. पुन्हा सांग. ढब्बू.

रडू नकोस. हळू सांग. एकेक अक्षर —

ढ