फ्लॅग त्याने बदलले, सर

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला काही विचारायचं म्हटलं की अजून छातीत धडधडतं. नववी नापास माणूस मी. अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंगमधून उचलून तुम्ही मला कॉम्प्युटर रूममध्ये बसवलंत. बाहेरून आलेले प्रोग्राम सोर्सपासून, म्हणजे मूळ लिहिलेल्या कोडपासून, कंपाइल करून आपल्या मशीनवर चालण्याजोगे करायचे, हे माझं काम. कंपायलरला द्यायच्या सूचना, ते फ्लॅग, फाइलीत आधीच लिहिलेले असत. प्रोग्राम किती पळवायचा तेही त्यातच: ओ-टू म्हणजे बेताने, ओ-थ्री म्हणजे त्याहून जोरात. "ओ-टू आहे ना, ते तसंच राहू द्या," तुम्ही म्हणालात. मी राहू दिलं. माझं कधी काही बिघडलं नाही.

उल्हासनगरचा तो माझ्यानंतर आला. त्याला कुठलं चैन! लॅबच्या सरासऱ्या काढणाऱ्या प्रोग्रामला त्याने ओ-थ्री लावलं, वर गणित झटपट उरकणारा आणखी एक फ्लॅग. दुपारी लॅबमधून कागद परत आला. रिकाम्या नोंदी वगळायची तपासणीच त्या घाईत उडाली होती. सरासरीच्या जागी आकडाच नाही. मला वाटलं, आता हा जातो पॅकिंगला. तुम्ही येता, कागद त्याच्या डोक्यावर हाणता. "अरे बैला, गाडी पळावी म्हणून ब्रेक काढून ठेवलेस?" "पण सर, फास्ट तो हुआ ना?" "गाढवा, चुकायचंच तर फास्ट कशाला? सरक तिकडे. आणि डबा काढ, भूक लागलीय मला." त्याच्या डब्यातली पोळी खात तुम्ही त्याला एकेक फ्लॅग समजावत बसता. मी मागे उभा. मान वळवून म्हणता, "तुमचं झालंय ना? मग निघा, बदलापूरला पोचायला उशीर होईल." माझ्या डब्यातही पोळी होती, सर.

पुढच्या आठवड्यात मीही ओ-थ्री लावलं. मेला प्रोग्राम नीट चालला. "बदललंत? चालतंय ना? छान," म्हणून तुम्ही पुढे गेलात.

परवा तो बदलापूरला, शिरगावातल्या माझ्या घरी आला होता. तो बैल, ते गाढव, सगळं त्याने माझ्या नातीला रंगवून सांगितलं आणि सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले. मला ते बघवेना. नात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला पण सर असेच ओरडायचे?" मी म्हणालो, "मला तर रोज." त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाला, "ह्यांना? अगं, ह्यांना तर माझ्याहून जास्त."

हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. वाचून तुम्ही त्याचंच कौतुक केलं असतं.