आपण आहोत तरी किती

इंदूर,
शनिवार, ता. २४ जुलै १९५४

चि. रघुवीर यास अक्काचे आशीर्वाद.

गुरुवार, ता. १५ जुलै रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या थोरल्या बहिणीचा भरवर्गात अपमान झाला. तू महूला स्वस्थ आहेस, सौ. चारुलताची कंबरदुखी आता थांबली असेल, तुझा खोकलाही बरा असेल (नसेल तर ज्येष्ठमध चघळ आणि विड्या सोड), तेव्हा सविस्तर लिहायला हरकत नाही. बेबी माझ्याकडे मजेत आहे. कॉन्व्हेंटने तुझ्या लेकीला इतके वळण लावले आहे की ती भाजीवालीशी हिंदीत बोलते, सिस्टरांशी इंग्रजीत आणि आपल्या आत्याशी मानेने.

तर अपमान. रिटायर झाले तरी मी आमच्या मुलींच्या शाळेत रोज एक चक्कर मारते (नव्या हेडमिस्ट्रेस मला पाहिले की पाणी प्यायला जातात). त्या दिवशी नवे इन्स्पेक्टर आले होते. म्हणाले, मराठीच्या पहिल्या वर्गात तेवीसच मुली आहेत. एकतीस जुलैच्या मोजणीला चाळीस भरल्या नाहीत तर वर्ग बंद, मुली हिंदीच्या वर्गात. मी म्हटले, साहेब, या शहराचा कारभार आम्ही चालवला आहे. त्यावर ते गृहस्थ अगदी गोड आवाजात म्हणाले, "वो तो ठीक है बाईजी, पर आप लोग हैं ही कितने?"

रघुवीर, हे आपल्याला आजवर कुणी विचारले होते? होळकरांच्या राज्यात आपण मूठभर होतो म्हणून तर आपला थाट होता. दरबारात खुर्च्याच तेवढ्या होत्या. आपल्याला गर्दीत कुणी मोजत नसे, कारण आपण गर्दीत उभेच राहत नसू. आता मध्यभारत झाला, मतपेट्या आल्या, लोक डोकी मोजू लागले, आणि कमी असण्यातला सगळा दिमाख गेला. यातले काही मला त्या वेळी सुचले नाही. मी तावातावाने म्हणाले, हजारोंनी आहोत! (यात मी गिरणीच्या चाळीतली मराठी माणसे धरली. अपमानाच्या भरात माणूस कुणालाही धरतो.)

आधी साहजिकच मी आपल्या मंडळींकडे गेले. नानासाहेबांच्या दिवाणखान्यात (त्यांचे आजोबा पागेवर होते, हे ते अजून दर बैठकीत सांगतात) सात-आठ मोठ्या घरची माणसे जमली. मराठी वर्ग टिकलाच पाहिजे असा ठराव एकमताने झाला. चहा झाला, पोहे झाले, वर शेव झाली. मग मी विचारले, मुली कुणाकुणाच्या येणार? जो तो बशीतली शेव वेचू लागला. सगळ्यांच्या मुली कॉन्व्हेंटात! नानासाहेब म्हणाले, "आनंदीबाई, तुम्ही स्वतः कुठे शिकलात?" मी म्हटले, कॉन्व्हेंटात, म्हणूनच मला पक्के ठाऊक आहे की तिथे मराठी शिकवत नाहीत. तर म्हणतात कसे, वर्ग भरायचा आहे ना? चाळीत पोरी ढिगाने आहेत.

म्हणून टांगा केला आणि चाळीत गेले. तिथे लक्ष्मी म्हणून एक बाई आहे, गिरणीत सूतखात्यात काम करते, आणि चाळीतल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नाहीत. मी तिला मातृभाषेवर चांगले भाषण दिले. तिने कपबशा विसळत सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली,

"बाई, तुमच्या हळदीकुंकवाला आमी कधी मराठी नव्हतो. आता डोकी कमी पडली, तवा मराठी झालो व्हय?"

मी म्हटले, हळदीकुंकू निराळे, शाळा निराळी.

"निराळी कशी? तिथंबी कोण बसायचं ते तुमीच ठरवनार. आमच्या पोरी हिंदी शाळंत जात्यात. तिथं त्यांच्या बोलन्याला कुनी हसत न्हाई."

मी कपावर फुंकर घातली. चहा फार गरम होता.

मग तिने सौदा मांडला. "सोळा पोरी देते. पन तुमच्या मोठ्या घरची एक पोर माझ्या हौसाच्या शेजारी, त्याच चटईवर बसवा. तुमची एक बसली की मास्तरीन येळेवर येती, खिडकीला काच लागती. आमच्या नुसत्या पन्नास बसल्या तर कुनी ढुंकून बघत न्हाई."

उद्धट बाई आहे. मला फार आवडली. इन्स्पेक्टरला नुसती डोकी मोजता येतात आणि नानासाहेबांना नुसत्या खुर्च्या. या बाईला दोन्ही मोजता येतात. मी तडक परत नानासाहेबांकडे गेले आणि त्यांची नात मागितली. तिला चटईवर बसले की सर्दी होते म्हणे.

असो. आपल्या घराण्याला "आहात किती" म्हणून विचारणाऱ्याचे काय करायचे, यावर तुझे मत मला शुक्रवार, ता. ३० जुलैच्या संध्याकाळच्या डाकेपर्यंत लेखी मिळाले पाहिजे. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तोंडी निरोप पाठवू नये. तोंडी तू सगळ्यालाच हो म्हणतोस.

तुझी,
अक्का

ता. क. तेवीस आणि सोळा एकोणचाळीस होतात. बेबीला कॉन्व्हेंटातून काढून मराठी वर्गात घालायला वडिलांची लेखी संमती लागते. तिच्या इंग्रजीची काळजी नको, ते मी घरी सिस्टरांपेक्षा बरे शिकवीन.

ता. क. दुसरा. बेबी सोमवारपासून तिथेच बसते आहे, आणि तिच्यामागून सोळाच्या सोळा आल्या. पहिल्या दिवशी ती हौसाच्या बोलण्याला हसली. दुसऱ्या दिवशी हौसाने तिला चिमटा काढला. काल दोघींनी एका डब्यात खाल्ले (हे चारुलताला बेताने सांग). तेव्हा 'हो' लिहिणार असशील तर शुक्रवार चुकवू नकोस. 'नाही' लिहायचे असेल तर मात्र घाई नको, मोजणी झाल्यावर ऑगस्टात सवडीने लिही.