पाडेलींची यादी कुणाच्या यंत्रावर?

मं. ४ फेब्रु. २०२५, सकाळी ६.१०, पार्से
पडवीत बसून जुन्या सर्व्हरमधली धूळ ब्रशने काढतोय. पाळी गावच्या मामांनी बंद खाणीच्या ऑफिसातून भंगारात घेतलेला. "आठ दिवस लावन बघ. पटलो तर आठ हजार."
१ मार्चला वेबसाइट सुरू. नारळ पाडायला पाडेली घरबसल्या ठरवायचा. बागायतदार २२. यादी या यंत्रावर ठेवू, की क्लाउडवर, दुसऱ्याच्या यंत्रावर, महिना ९०० भाड्याने? मोबाइल दुकानातली नोकरी सोडलीय. यादी एकदा अडली की लोक परत येणार नाहीत.

बु. ५
चालू झाला. आई : "ह्यां काय रे, घरात गिरण घातलंस?" मागून गरम वारा. आईने तिथे मिरच्या वाळत घातलेलं सूप ठेवलं. दोन तासांत कडक! वीज किती खातो, मीटर बघून लिहायचं.

शु. ७
वीज गेली : ११.२० ते १२.०५. परत ३.१० ते ३.१४. गेली चारच मिनिटं, यंत्र उठायला अकरा. का? आधी स्वतःच्या डिस्क तपासतो म्हणे. माझ्यासारखाच संशयी.

र. ९
मामा जेवायला. मी विचारलं, घेऊ?
"घेव नको. माझो ट्रक होतो. खाण बंद, ट्रक दारात, हप्तो चालूच. भाड्याचो असतो तर चावी परत देवन मोकळो."
बाबा दर वर्षी काजूचा डोंगर पावणीत बोली लावून घेतात, एका हंगामापुरता. ते उसळले. "तीस वर्सां दुसऱ्याचो डोंगर साफ करतंय. काजू वाढले की पावणी वाढता. आपलो तो आपलो!"
मामा : "मगे सर्व्हर घेवा माझ्याकडना."
बाबा : "तुझो नको."
विकणारा म्हणतो घेऊ नको. जन्मभर भाडं भरलेला म्हणतो घे. मी मध्ये, भात गार.

मं. ११
आठ जणांना वेबसाइट वापरून बघायला दिलीय. ९.५० ला वीज गेली. लगेच त्यांतल्याच कुसुमवहिनींचा फोन. "दत्ता, पाडेली दारात उभो हा. किती माड ठरले? तुझा ता उघडना नाय."
ठरलेलं टिपून ठेवतो ती वही काढली. तेवीस.
"वहीच बरी रे तुझी. तिका करंट लागना नाय."
हसलो.

बु. १२
एक महिना क्लाउड घेतला. यादी चढवली, दोनदा ताडून पाहिली. सर्व्हर बंद करायला गेलो तर आई : "ऱ्हांवदे, मिरच्यो अजून ओल्यो." राहिला चालू. त्यावरही यादीची एक प्रत ठेवली. वहीही.
मामांचा फोन : आठ दिवस झाले, काय ठरलं? सांगतो म्हटलं.

खर्च : ब्रश ४०, वायर १८०, क्लाउड ९००. एकूण १,१२०.
देणं : मामांना ८,०००, नाहीतर यंत्र परत.