पदराला बांधलेली पिन

सक्करदरा, नागपूर
१६ मार्च २०२५, ऐतवार

मिनलले सुमतीचा राम राम.

आम्ही इकडे बरे आहो. तिकडे तू, काजल अन् आई बऱ्या असान असं धरून चालते. आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असन तर काजलजवळ निरोप दे, इथं स्वस्त भेटते. होळी झाली. यंदा मी पुरण घातलं नाही, वेळच नव्हता. आमच्या घरच्यांनी दुकानातून पोळ्या आणल्या अन् रबर आहे रबर म्हणत चार खाल्ल्या.

आता कामाचं. परवा तू फोनवर म्हणाली, "ज्या डब्ब्यानं माझा माणूस खाल्ला, त्याच्यावरच तुम्ही पोट भरून राहिल्या, ताई. तो धंदा बंद करा, नाही तर माझ्या दारात येऊ नका." अन् फोन कापला. मी परत लावला, तू उचलला नाही. अजून लावला तर बंद. म्हणून हे पत्र. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते तुले माहीत आहे. पण कागदाचा एक फायदा आहे. तो मधातून कापता येत नाही.

तुझ्या बोलण्याचं उत्तर पहिले देऊन टाकते. धंदा बंद होणार नाही.

तुले वाटते मी हौसेनं हे काढलं. मिहानमधल्या त्या कंपनीतली माझी साफसफाईची नोकरी गेली तेव्हा मी तुले एवढंच सांगितलं होतं का ठेकेदार बदलला. बाकीचं सांगितलं नाही, कारण सांगायची लाज वाटत होती. आता नाही वाटत. नवीन ठेकेदाराचा पोट्टा आला, हातात मोबाईल, म्हणे, "मावशी, आता हजेरी चेहऱ्यावर लागते, अन् कंपनीले तरुण बाया पाहिजे." मी म्हटलं, "काहून बापा, फरशीले माझं वय दिसते का?" तो हासला. बाजूच्या बायाही हासल्या. पण गेटवर माझ्या गळ्यातला कार्डाचा पट्टा काढून घेतला, बाजारात बैल विकल्यावर जुना मालक दावं काढून घेते तसा. मी तिथून बसस्टॉपपर्यंत पायी आली अन् दोन बस सोडल्या. काहून सोडल्या ते विचारू नको.

घरी बसणं मले जमत नाही. आमच्या घरचे ऑटो चालवून जे आणतेत त्याच्यात ऑटोच जेवते पहिले. मंग मी आमच्या इथल्या रविंद्रभाऊच्या कूलरच्या दुकानात ताट्या भरायले बसली. ताट्या म्हणजे कूलरच्या तीन बाजूच्या जाळ्या, त्याच्यात ते लाकडाचं गवत भरा लागते. दिवसभर भरलं का हाताची सालं निघते, रात्री भात कालवला का झोंबते. भरता भरता मी पाहत राहायची. पंप कसा खोलते, मोटारीत तेल कुठं टाकते, वायर कोणती कुठं जाते. एक दिवस मीच पेचकसानं स्क्रू काढून एक पंप खोलला.

रविंद्रभाऊ म्हणे, "सुमतीबाई, हे बायकांचं काम नोहे."

"मंग गवत भरणं कोणाचं होय?"

"ते बायकाच करतेत सगळीकडे."

"म्हणजे हात सोलायचं काम आमचं अन् पेचकस तुमचा. बरं वाटून घेतलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं एक जुना पेचकस माझ्यापुढं टाकला अन् चहा सांगायले निघून गेला. माणूस वाईट नाही. अख्खा उन्हाळा त्याच्याकडे शिकली, अन् यंदा शिवरात्रीपासून माझं मी सुरू केलं. ऑटोच्या मागं रंगवून घेतलं, 'कूलर दुरुस्ती, घरपोच. सुमतीबाई.' आमच्या घरचे म्हणे, "माझ्या ऑटोवर तुझं नाव?" मी म्हटलं, "तुमचं तरी कधी होतं का?" आता तेच गिऱ्हाइकाले सांगतेत, आमची मिस्त्रीण येऊन राहिली म्हणून.

पहिल्या घरी गेली तर दारातला माणूस माझ्या मागं पाहे. म्हणे, "मिस्त्री कुठं आहे?" म्हटलं, "समोर उभा आहे, वाट द्या." आता बायाच फोन करतेत. माणूस कामावर गेला असला का परक्या माणसाले घरात घ्यायले त्याहिले बरं वाटत नाही. मले घेतेत. वरतून चहाही देतेत अन् सासूच्या गोष्टीही सांगतेत. होळी झाली का सारं नागपूर कूलर खाली काढते, तुले ठाऊकच आहे. दिवस उगवला का फोन.

एक गोष्ट मी काजलले फोनवर सांगून बसली, ती तुले सांगनच, म्हणून मीच सांगते. सुरुवातीले महाल भागात एका घरी कूलर खोलून बसली होती. वायरीची पिन भिंतीतल्या बोर्डात तशीच, बटन बंद, अन् मी हात आत घालणार, तेवढ्यात घरातल्या म्हाताऱ्यानं बटन दाबलं. चालू होते का पाहतो म्हणे. हात आत गेला नव्हता. एक वीतभर दूर होता. मी म्हाताऱ्याले काही बोलली नाही, मिनल. मी, सुमती, बोलली नाही, समजून घे. पाणी मागितलं अन् पायरीवर बसली.

त्या दिवसापासून माझी रीत ठरली. घरात पाय टाकला का पहिले पिन भिंतीतून उपटायची अन् पदराले गाठ मारून बांधायची. मंगच हात लावायचा. पिन माझ्या पदरात असली का घरातल्या कोणीही कितीही बटनं दाबो. लोक हासतेत. एक बाई म्हणे, "हे काय वं, कूलरसंग गाठ बांधून राहिल्या का?" म्हटलं, "हो. या नवऱ्याची शेपूट तरी हातात आहे, घरच्याची नाही."

तुले समजलं असन मी हे काहून करते. त्याचं नाव लिहीत नाही. लिहीन, पण थांब जराशी.

काजल दहावीले आहे, पेपर चालू आहेत. संक्रांतीले इथं आली होती तेव्हा म्हणे, "आत्या, आमच्या टिनाखालच्या खोलीचा भट्टा होते, मी चादर ओली करून घेते, आई तेही घेत नाही. आई म्हणते मले गरम होत नाही." मिनल, वैशाखात टिनाखाली कोणाले गरम होत नाही? मेलेल्याले. तू स्वतःले सजा देऊन राहिली अन् पोरीले सोबत बसवून राहिली. हे कडू लागन. लागू दे.

काजलनं येताना तुमची इस्त्री आणली होती. बिघडली म्हणून. ते तिनं तुले सांगितलं असन. मी इस्त्री पाहिली अन् मले दुरुस्त करता येईना. इस्त्रीत काही नव्हतं, साधी वायर तुटली होती. पण मी तिची पिन पाहत राहिली. पिनीले तीन दात असतेत ना, दोन बारीक अन् वरचा एक मोठा. इस्त्रीचा मोठा दात करवतीनं कापलेला होता.

आता ऐक. तू ज्याले डब्बा म्हणते तो तुमचा कूलर भंगारात गेला नाही. तू म्हटलं होतं डोळ्यासमोर नको, आमच्या घरच्यांनी ऑटोत टाकून आणला. पण त्या माणसाच्यानं लोखंड फेकवत नाही. चार उन्हाळे आमच्या गच्चीवर ताडपत्रीखाली पडून होता. मी तिकडे कपडे वाळत घालायलेही जात नव्हती. काजल गेल्यावर मी पेचकस घेऊन वर गेली अन् तो खोलला.

पंपाची वायर टिनाच्या छेदातून जात होती, छेदाले रबर नव्हतं. घासून घासून वायरीचं साल गेलेलं अन् तांबं टिनाले टेकलेलं. म्हणजे बटन दाबलं का अख्ख्या टिनात करंट. अन् पिन पाहिली. मोठा दात नाही. कापलेला. इस्त्रीसारखाच, तिरपा, एका बाजूनं. डावरा माणूस करवत चालवते तसा.

आपल्या घरात डावरा एकच होता.

तुमच्या खोलीतल्या बोर्डाले दोनच छेद. तीन दाताची पिन बसे ना, म्हणून दुर्गेश घरात आलेल्या हर एक वस्तूचा मोठा दात कापून टाके. अर्धं गाव तेच करते. त्याले कोणी सांगितलं नव्हतं का तो दात कायले असते. मलेही मागच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. तो दात असते टिनात उतरलेला करंट जमिनीत न्यायले. तो असता, भिंतीत तिसरा छेद असता, जमिनीत तार पुरलेली असती, तर फ्यूज उडाला असता, अन् आपला दुर्गेश शिव्या देत बाजूले झाला असता.

त्या दुपारी तो टाकीत पाणी भरत होता, ओला हात टिनावर. तू आतून विचारलं, "लावू का?" तो म्हणे, "लाव." तू लावलं. त्याच्या दहाव्याच्या दिवसापासून आई तेच म्हणून राहिली, हिनंच बटन दाबलं, अन् दर उन्हाळ्यात ऊन तापलं का पुन्हा म्हणते. अन् तू ऐकून घेते, कारण तुलेही तेच वाटते.

बटन तू दाबलं. मी ते पुसत नाही, खोटं गोड बोलायले मी मतं मागायले आली नाही. पण बटन दाबल्यानं पंखा फिरते, मिनल. माणूस मरत नाही. माणूस मेला तो घासलेल्या वायरीनं अन् कापलेल्या दातानं. अन् दात माझ्या भावानं कापला.

एवढं एक वाक्य लिहायले मले होळीची पोळी अन् महालचा म्हातारा मधात घालावा लागला. माझा पाठचा भाऊ होता तो. चूक त्याची होती असं मी तोंडानं कधी म्हणू शकली नसती. कागदावर म्हटलं. आता हे पत्र आईले वाचून दाखव, मोठ्यानं. तुझ्यानं होत नसन तर काजल वाचन. आई रडन, मले शिव्या देईन. देऊ दे. माझा पत्ता तिले माहीत आहे, तुझ्यावर काढायचं कारण नाही.

अन् आता माझं ऐक. काजलचे पेपर संपले का त्याच्या पुढच्या ऐतवारी मी येऊन राहिली. ऑटोत कूलर घेऊन. तोच कूलर. वायर नवीन, छेदाले रबर, पिन तीन दाताची, ताट्या मी हातानं भरल्या. आमच्या घरचे तुमच्या अंगणात खड्डा खोदतीन, त्याच्यात तांब्याची तार, मीठ अन् कोळसा टाकून बुजवतीन. लाकडाचा कोळसा, तुमच्या गावच्या खाणीतला नाही, नाही तर तू म्हणशील कोळशाच्या गावाले नागपूरहून कोळसा घेऊन आली. खोलीतला बोर्ड बदलीन. तू दार लावून घेतलं तर मी अंगणात बसीन. मले वाट पाहणं जमत नाही, पण त्या दिवशी जमवीन.

सारं झालं का टेस्टर लावून पाहीन, एकदा नाही, मन भरेपर्यंत. मंग पिन पदरातून सोडीन अन् भिंतीत लावीन. टाकीत पाणी मी भरीन, ओला हात टिनावर ठेवीन. हे मी कोण्या गिऱ्हाइकाकडे करत नाही, कोणाले करूही देत नाही. तुझ्यासाठी, एकदाच.

तू आत बटनापाशी उभी राहा. आईले समोर बसव. अन् विचार, "लावू का?"

मी म्हणीन, "लाव."

तुझ्या हातावर भरोसा असलेली,
सुमती