तलावावरची राखण

मोठे गुरुजी,

काल टीव्हीवर पुन्हा तुम्ही दिसलात. म्हणजे चेहरा दुसऱ्याचा होता, अंगात कोट होता, मागे कुठल्यातरी लांबच्या देशाचा नकाशा लाल रंगवून ठेवलेला होता. पण वाक्य संपायच्या आतच स्वतःच्या बोलण्यावर डोलणारी मान तुमची, आणि "अशा वेळी फौज पाठवावीच लागते" म्हणताना वर गेलेलं बोटही तुमचंच. सुनेने विचारलं, कोण हो हा? मी म्हटलं, आमचे हेडमास्तर. तिला वाटलं, म्हातारा भ्रमला. तुम्हाला जाऊन तीस वर्षांवर झाली, तेव्हा आता तरी माझं ऐकून घ्यायला तुम्हाला सवड असेल. जिवंतपणी ती नव्हती. तुमच्यापुढे कोणाला काही बोलायचं असलं तर तुम्ही श्वास घ्याल तेवढाच वेळ त्याच्या वाट्याला यायचा.

ती दिवाळी आठवा. इंग्रज आणि फ्रेंच इजिप्तमध्ये घुसले होते, रशियाचे रणगाडे हंगेरीत शिरले होते, आणि त्याच दिवसांत आपला अख्खा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकला होता. यातल्या शेवटच्या गोष्टीवर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. आपलं राज्य बदललं त्याचं काय, तुम्ही कैरोत होतात! शनिवारचा बाजार उठला की शाळेच्या ओसरीवर तुमचं चर्चामंडळ भरायचं. वडशाहून दोन दिवसांचा शिळा पेपर यायचा. तो तुम्ही घरी वाचून यायचात आणि चारचौघांत पहिल्यांदाच उघडतो आहे असं दाखवायचात. मी बावीस वर्षांचा, तुमच्या हाताखालचा दुसरा मास्तर. जगाचा नकाशा छातीशी धरून उभं राहायचं, हे माझं काम. सुवेझ तुम्ही छडीने नेमकं दाखवायचात. हंगेरी मात्र रशियाच्याही आधी वाळवीने खाल्ली होती, तिथे भोक होतं आणि भोकातून माझा सदरा दिसायचा. तुम्ही छडी सदऱ्यावर टेकवून हंगेरीच्या जनतेविषयी कळवळ्याने बोलायचात, आणि लोक माझ्याकडे बघून हसू दाबायचे.

दुसऱ्याच्या भांडणात फौज घेऊन कधी जावं, या एका प्रश्नावर तुम्ही तीन शनिवार घेतलेत. कोरिया झाला, इजिप्त झाला, हंगेरी झाली. शेवटी तुम्ही निकाल दिलात. ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्याने स्वतः हाक मारली पाहिजे. आधी बोलणी करून बघितली पाहिजेत. गेल्यावर तिथली काडीसुद्धा घ्यायची नाही, आणि परत कधी यायचं तो दिवस निघण्याआधीच ठरवायचा. यातलं एक जरी चुकलं तर ती मदत नव्हे, दरोडा. टाळ्या पडल्या. मी ते वहीत उतरवून घेतलं, इतका मी येडा होतो. मागे बसलेला एक म्हातारा शेतकरी तेवढा म्हणाला, "दोघाचं भांडन अन् तिसऱ्याचा लाभ, हे त आमाले पाळन्यातच समजलं जी. याच्यासाठी तीन शनवार काऊन लागले तुमाले?" तुम्ही त्याच्याकडे बघून नुसते हसलात, अडाण्याकडे बघून शिकलेला माणूस हसतो तसे, आणि छडी खाली ठेवलीत.

त्याच शनिवारी ती आली. गावापासून दोन मैलांवर तलाव, त्याच्या पाळीच्या बांधाखाली ढिवरांची अकरा घरांची टोली. पिढ्यान् पिढ्या ते गावाचा मालक असलेल्या मालगुजाराच्या परवानगीने मासे धरत. पावसाळ्यात नदीतून मडक्यांत माशांची पिल्लं भरून आणत, तलावात सोडत, आणि वाढायची वाट बघत. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, आणि नदीपलीकडच्या मोठ्या गावाने त्याचा अर्थ असा लावला की जो तलाव सरकारचा तो कोणाचाही. त्या टोलीतलं सगळं जिच्या शब्दावर चालायचं ती ही बाई. ओसरीच्या पायरीवर चढली नाही, खालीच उभी राहिली. "गुरुजी, तलावावर मानसं घुसले. आमचे जाळे फाडले. माह्या पोराचा हात मोडला. तुमी इथी दर शनवारी हेच बोलून राह्यले म्हनून आली. येता का?"

तुम्ही उठून पायरी उतरलात. चर्चामंडळ अर्धं सोडून उठलेले तुम्ही मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि खरं सांगतो, त्यानंतरच्या चार दिवसांबद्दल मला तुमचा जराही तिटकारा नाही. तुम्ही आधी कोतवालाबरोबर निरोप पाठवलात. त्यांनी त्याला शिव्या देऊन परत लावलं. दुसऱ्यांदा तुम्ही स्वतः गेलात. तुमच्या टोपीत त्यांनी शेण टाकलं. मग बुधवारी सकाळी चाळीस माणसं लाठ्या घेऊन पाळीवर उभी आहेत, सर्वांत पुढे तुम्ही, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात लाठी उलटी धरलेली. समोरचे लोक जाळी टाकून पळाले. कोणाला ओरखडाही आला नाही. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं. तिथेच तुम्ही मोठ्याने सांगितलंत, संक्रांतीपर्यंत आम्ही राखण करू आणि संक्रांतीला घरी जाऊ. कुणी मला म्हणालं की दुसऱ्याच्या भांडणात कधीच पडू नये, तर मी आजही त्याला त्या पोराचा सुजलेला हात डोळ्यांपुढे आणायला सांगेन. जाणं बरोबर होतं. ठरल्या दिवशी परत आला असतात तर मी तुमची तसबीर लावली असती.

पण तुम्हाला पाळ आवडली. तिथे खोपडी उभी राहिली, चार-चार माणसांच्या पाळ्या लागल्या, आणि राखणीचा मुख्य मला केलंत. तुमचा लोकरी मफलर माझ्या गळ्यात घालून तुम्ही म्हणालात, "सैनिकाला थंडी वाजता कामा नये." मला काय ते कौतुक! दुपारी शाळा, बाकी वेळ तलाव. पोरांना पाढे शिकवतानासुद्धा मी सरदारासारखा चालायचो. पहिल्या दिवशी टोलीवाल्यांनी खुशीने टोपलीभर मासे पाठवले, ते तुम्ही परत केलेत. दुसऱ्या दिवशीही केलेत. तिसऱ्या दिवशी तुम्हाला रीत आठवली. आपल्याकडे खळ्यावर धानाची राखण करणाऱ्याला सूपभर धान देतात, त्यालाही राखणच म्हणतात, आणि ती नाकारली तर मालकाचा अपमान होतो. मग तलावाची राखण केली तर मासे का नकोत? काडीसुद्धा घ्यायची नाही म्हणणाऱ्या माणसाने टोपली घेतली, आणि मनाला डागही लागू दिला नाही.

त्या दिवशी मी तुमच्याकडे जेवायला होतो. चुलीवर मरळ शिजत होती, स्वयंपाकघरात चिंचेचा आणि जवसाच्या तेलाचा वास भरला होता. काकू वाढता वाढता थांबल्या. "ज्या पोराचा हात मोडला त्याच्या घरची मरळ तुमच्या ताटात. कशी उतरते जी घशाखाली?" तुम्ही शांतपणे काटा काढत म्हणालात, "अगं, हा वाटा नव्हे. ही राखण आहे." काकूंनी कढई तिथेच आपटली आणि त्या मागच्या दाराने निघून गेल्या. आपण दोघं जेवलो. चव फार चांगली होती, तेही लिहून टाकतो.

संक्रांत आली आणि तिळगूळ खाऊन गेली. पलीकडच्या गावाचा एकही माणूस महिनाभरात फिरकला नव्हता. मी विचारलं, आता निघायचं ना? तुम्ही म्हणालात, होळीपर्यंत बघू. होळीला विचारलं तेव्हा तुम्ही मला झापलंत, पोरांसमोर, वर्गात. "परत जाणं सोपं आहे. उद्या आपण निघालो आणि ते पुन्हा आले, तर जबाबदार कोण? तू? या लोकांना अजून स्वतःचं रक्षण करता येत नाही." ज्याचा हात मोडला होता तो पोरगा तेव्हा त्याच हाताने कुऱ्हाड चालवत होता. त्याला कोणी विचारलं नाही. तोपर्यंत टोपलीच्या दोन टोपल्या झाल्या होत्या, एक पाळीवरच्या माणसांची आणि एक तुमच्याकडून तालुक्याच्या साहेबांकडे जाणारी. राखायला चोर उरला नव्हता, म्हणून आम्ही टोलीवाल्यांवरच नजर ठेवू लागलो. धरायचे दिवस आम्ही ठरवून दिले, मग त्यांनी किती धरलं, कधी धरलं, राखणीची टोपली देण्याआधी घरी किती नेलं. हसू येतं गुरुजी, पण हे सगळं तुमच्या चर्चामंडळात छडीने दाखवता आलं असतं, आणि त्या जागी नकाशाला भोकही नव्हतं.

फाल्गुनातली सकाळ. मी पाळीवर उभा आहे, गळ्यात तुमचा मफलर. ती बाई एकटीच जाळं घेऊन पाण्यात उतरते आहे. मी ओरडतो, आज धरायचा दिवस नाही. ती म्हणते, "सून रातच्याले बाळंत झाली. तिले रस्सा पाह्यजे." मी म्हणतो, गुरुजींना विचारल्याशिवाय नाही. ती ऐकत नाही. मी पाण्यात उतरतो आणि तिच्या हातातून जाळं ओढून घेतो. ती भांडली नाही. ओल्या लुगड्याने तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "त्याइले त तुमी हाकललं मास्तर. आता तुमाले कोन हाकलन?"

मी जाळं खाली टाकलं आणि धावत तुमच्याकडे आलो. वाटलं, हे ऐकून तरी तुम्ही हलाल. तुम्ही हललात खरे. त्या शनिवारी चर्चामंडळाला विषय ठेवलात: उपकाराची जाणीव. दीड तास बोललात. कृतघ्न हा शब्द किती वेळा आला ते मोजायलाही मला लाज वाटली, कारण नकाशा मीच धरला होता. पावसाळ्याच्या तोंडावर अकराही घरच्या लोकांनी आपले बांबू काढले, मडकी डोक्यावर घेतली आणि ते वैनगंगेच्या काठी कुठेतरी निघून गेले. सुनेच्या कडेवर ते तीन महिन्यांचं लेकरू. आपल्या गावाच्या रस्त्याने न जाता फेर घेऊन जंगलातून गेले. तुम्ही म्हणालात, बघा, गेले ना शेवटी, यांना स्थिर आयुष्यच नको असतं. त्या पावसाळ्यात नदीतून पिल्लं कशी आणायची ते कोणाला ठाऊक नव्हतं, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातही नाही. तिसऱ्या वर्षी तलावात मासा उरला नाही, नुसती बेशरमाची झुडपं माजली. तरी तुमच्या निरोपसमारंभात मानपत्रावर लिहिलेलं होतं, "तलावाचे रक्षणकर्ते". तुम्ही ते चौकटीत लावलंत. तुमच्यासारख्या माणसांची मला चीड येते ती वाईट म्हणून नव्हे. वाईट माणूस निदान चोरी करताना इकडे-तिकडे बघतो. तुम्ही समोर बघत होतात, ताठ मानेने, आणि स्वतःचेच नियम पाठ म्हणत होतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे तुम्हालाही कळतं. मुलाला दाखवणार होतो, तेही नाही दाखवणार, कारण एक गोष्ट राहिली आहे आणि ती त्याने वाचू नये असं वाटतं. तुम्ही रिटायर झाल्यावर काही वर्षांनी मी वडशाला गाडीची वाट बघत होतो. स्टेशनाबाहेर बाजारात एक म्हातारी सुके झिंगे विकत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण आवाज तोच. "घ्या ना भाऊ, नदीचे हायेत." मी झिंगे मागितले. काही नाही तर निदान नातवाची चौकशी करायची होती. तेवढ्यात तिनेच विचारलं, "कुठचे गा तुमी?" मी म्हणालो, "नागपूरचा." "एवढ्या लंबून आले!" म्हणाली, आणि मोजून दिलेल्या झिंग्यांवर स्वतःच्या हाताने आणखी एक मूठ टाकली. ती मी घेतली, गुरुजी.