तीर्थस्वरूप की चिरंजीव

बारामती,
सोमवार, दुपारचे तीन

........................ सर्जेराव (तात्या) यांस,

(नावाआधीची जागा चुकून मोकळी राहिलेली नाही. लिहायला शिकल्यापासून तिथं मी 'तीर्थस्वरूप' लिहीत आलो. आज लेखणी तिथं येऊन अडली. कागदोपत्री पाहता तिथं आता 'चिरंजीव' यायला हवं. पण तुमच्या मिशा डोळ्यांसमोर आल्या की ती चार अक्षरं हातून उतरत नाहीत. तेव्हा निकाल लागेपर्यंत जागा मोकळी. पुढे 'तू' लिहावं असंही मनात होतं. एका वेगळ्या कागदावर लिहून पाहिलं, अक्षर मांजरानं ओढल्यासारखं आलं. म्हणून तूर्त 'तुम्ही'च चालू ठेवतो.)

इकडील सर्व ठीक. तुमच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाल्याचं तुमच्या नातीच्या, श्रेयाच्या मोबाईलवरच्या स्टेटसमुळे कळलं. तिचं लग्न ठरल्याचंही तिथंच कळलं. (सख्ख्या चुलतभावांच्या घरच्या बातम्या आता अशा आडवाटेनं येतात.) ठमावहिनींचा दमा कसा आहे? म्हैस व्याली का? गुडघ्याला तेल चोळता की नुसतीच बाटली उशाशी ठेवता?

आपलं बोलणं बंद होऊन येत्या वैशाखात दोन वर्षं होतील. कारणाची आठवण करून द्यायला नको, पण मी देतो. माझी नात उत्कर्षा हिच्या लग्नात मी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायला उभा होतो. कडवी अकरा होती. (अष्टक म्हणजे आठ हे मलाही कळतं. पण पहिली नात, तीन कडवी लाडाची.) तीन म्हणून झाली. चौथं सुरू केलं, 'ऊसाच्या हिरव्या मळ्यात फुलला तोरा तुऱ्याचा असा', आणि 'असा' म्हणून मी श्वास घेतो न घेतो तोच तुम्ही माझ्या हातातून माईक ओढलात. अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणालात, "मुहूर्त टळाय लागलाय. थोरला सांगतोय, धाकट्यानं गप बसावं." आणि 'शुभमंगल सावधान' करून अक्षता टाकायला लावल्यात. तेव्हापासून माझा तो ऊस मळ्यात 'असा' म्हणून उभाच आहे, तोडणी नाही की गाळप नाही.

नंतर तुम्ही माणसांकरवी निरोप धाडलात की आपल्या घरची रीत आहे, चूक कुणाचीही असो, पायरी धाकट्यानं आधी चढायची. रीत खरी आहे. आपल्या आज्यानं घालून दिलेली आहे. पण मी काही चढलो नाही. मनात म्हटलं, पायरी चढायची तर कडवं पुरं करूनच. असे आपण दोघे आपापल्या उंबऱ्याआड बसून राहिलो.

आता मूळ हकिकत. माझा नातू ऋषिराज याला कॉलेजच्या पडताळणीसाठी घराण्याची वंशावळ आणि आपल्या गावच्या, कळसच्या, जुन्या जन्मनोंदी पाहिजेत. विजयसिंहला एमआयडीसीतून रजा मिळेना. तो म्हणाला, "आबा, तुमी मोकळंच हाय की, इंदापूरला जाऊन या." (मोकळा हा शब्द माझ्या मुलानं माझ्यासाठी राखून ठेवलाय.) मी धुतलेली टोपी घातली, पिशवीत दशम्या घेतल्या आणि एसटीत बसलो. पूर्वजांच्या भेटीला निघालेल्या माणसानं खिडकीशी बसावं, म्हणून बसलो. बाहेर ऊस, कालवा, परत ऊस. शाळेत आपण कविता म्हणायचो तेव्हा गुरुजी खिडकीबाहेर बघत ताल धरायचे, त्याच तालात झाडं मागं जात होती. निमगाव केतकीला गाडी थांबली तेव्हा तुमच्याकडे, कळसला जाणारी जीप समोरच उभी होती. मी काच लावून घेतली.

कचेरीत गेल्यावर मी अदबीनं विचारलं, "साहेब, जुनी खानेसुमारी बघायला मिळेल का?" आपल्या शाळेत शिरगणतीला खानेसुमारीच म्हणत, आणि शब्दही कसा रुबाबदार, वाड्यावर हत्ती मोजल्यासारखा. टेबलामागचा कारकून पंचविशीतला. तो म्हणाला, "आजोबा, खाण्याचं मागल्या बाजूला. पण आता मिसळ संपली असंल." मग शब्दाचा अर्थ, त्याची फोड आणि आपल्या गुरुजींची आठवण एवढं सगळं मी त्याला सांगितलं. मागं रांग वाढली. शेवटी रांगेतलीच एक बाई म्हणाली, "आवो बाबा, तुमाला जन्माची नोंद पायजे, व्हय ना? मग जन्माचं मागा की. शिरगणतीत कशाला शिरताय?" तेव्हा काम पुढे सरकलं.

कारकुनानं लाल फडक्यात बांधलेलं दप्तर आणलं. तात्या, दप्तर म्हटल्यावर मला काय आठवलं असेल? आपलं एकच दप्तर होतं, खताच्या गोणीचं, आणि ते तुम्ही धाकट्याला वाहायला लावायचात. असो. गाठ सुटली तसा जुन्या कागदांचा वास आला, पावट्याच्या कणगीसारखा. सगळं मोडीत. पण त्या पोरानं मोडीचा कोर्स केलेला (मघाच्या मिसळीबद्दल मी त्याला मनोमन माफ केलं), बोट ठेवून वाचू लागला. आपलं आडनाव आलं की मी खुर्चीतून अर्धा उठायचो. पहिल्यांदा तुम्ही सापडलात. बापाचं नाव गेनबा, मुलगा, सर्जा, ११ नोव्हेंबर १९४९. मी हात जोडले, सवयीनं. सोपान, म्हणजे मी, मात्र कुठे सापडेना. नुसत्या त्या नावासाठी पाच वर्षांची पानं पालथी घातली. कळसमध्ये कुणी सोपान जन्मलाच नव्हता. जिवंतपणी आपण नाही असं ऐकून घेणं सोपं नसतं. मी पाणी मागितलं.

मग त्यानं तुमच्याही मागची पानं उलटली, आणि म्हणाला, "हरिबा म्हंजे तुमचे वडील का? हे बघा. हरिबा, मुलगा, नावाची जागा कोरी, ३ फेब्रुवारी १९४९."

मी म्हटलं, परत वाच. त्यानं वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा रांगेतली ती बाई हसली. तात्या, माझ्या बाबांना मुलगा एकच, तो मी. म्हणजे मी तुमच्याहून नऊ महिन्यांनी थोरला. शाळेत गेल्यापासून एकाहत्तर वर्षं दप्तर उलट्या खांद्यावर होतं.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत तर वेगळं आहे. शाळेत तुम्ही १ जून १९४९ आणि मी १ जून १९५०. पण आपल्या वर्गातली बेचाळीस पोरं १ जूनलाच जन्मली होती हे विसरू नका. (गावातल्या सगळ्या आयांना एकाच दिवशी कळा आल्या असत्या तर सुईणीनं गाव सोडलं असतं.) गुरुजींनी वय ठरवलं कसं? उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर म्हणाले. तुमच्या बोटाला कान लागला, माझ्या लागला नाही. म्हणून तुम्ही थोरले, आणि मला वयात एक वर्ष मागं ढकललं. तो हिशेब वयाचा नव्हता, हाताच्या लांबीचा होता. माझा हात आखूड होता तो अजूनही आहे. त्याच हातातून माईक लवकर सुटला.

जाता जाता एक गंमत. पुढच्याच वहीत हरिबाच्याच नावावर आणखी एक नोंद निघाली. मुलगा, दगडू, १९ ऑगस्ट १९५०. आपल्या घरात दगडू कोण? कारकुनाला म्हटलं, तुमच्या त्या वेळच्या माणसानं कुणाच्या तरी अंगणातला दगड उचलून आमच्या उंबऱ्यात टाकलेला दिसतो. दोघेही हसलो. हरिबाच्या सगळ्या नोंदी मागितल्या होत्या म्हणून त्यानं तो उताराही दिला, पण मी तो घडी घालून दशम्यांच्या फडक्यात टाकला.

तेव्हा रीत तीच, फक्त पायरी बदलली. धाकट्यानं आधी चढायचं. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, पायऱ्या अठ्ठावीस, लिफ्ट बंद असते. गुडघ्याचं तेल सोबत आणा.

एकच गोष्ट मनाला टोचते, तीही लिहितो. मी थोरला ठरलो तर ठमावहिनी माझ्या वहिनी राहत नाहीत, भावजय होतात. थोरल्या दिरापुढं त्यांना डोईवर पदर घेऊन खालच्या मानेनं बोलावं लागेल. पन्नास वर्षं त्या माझ्या कवितांना हसल्या. "भावजी, ही कविता हाय का औषधाची चिठ्ठी?" असं विचारत ताटात आणखी एक भाकरी टाकत आल्या. ती भाकरी मान खाली घालून कशी वाढणार? याला काही तोड निघते का पाहावी. कळावे.

आपला (नातं वरच्या मोकळ्या जागेवर अवलंबून),
सोपान

ता. क. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर घरातल्या थोरल्या पुरुषाची सही लागते असं विजयसिंह म्हणतो. ती आता मीच करणार. तुम्हाला तसदी नाही.

ता. क. दुसरा. गुरुवार. पत्र टाकायचं राहून गेलं होतं ते बरंच झालं. काल सही करण्याआधी आत्याचा आशीर्वाद घ्यावा म्हणून निमगावला शकुआत्याकडं गेलो. ब्याण्णव वर्षांची झाली तरी ती अजून दाणे निवडताना खडा सोडत नाही. मी ऐटीत ३ फेब्रुवारीचा उतारा वाचून दाखवला. तिनं सूप खाली ठेवलं.

"त्यो तू न्हायस," म्हणाली. "त्यो तुज्या आईचा पयला. बारशाच्या आदीच ताप भरला आन् गेला, मग नाव कुठनं येणार? तू त्याच्या मागनं झालास. तवा आईनं तुला दगडू म्हनून हाक मारली. यमाला वाटावं दगूड हाय, उचलून न्हेऊन काय करायचाय. शाळंत घालताना सोपान केला. घरात कुणी परत त्ये नाव काढलं न्हाय."

मी तसाच पुढच्या गाडीनं इंदापूरला गेलो. त्याच पोराकडून मृत्यूची वही काढून घेतली. हरिबा, मुलगा, वय दिवस नऊ. कोऱ्या जागेशी पोरानं बोट थांबवलं आणि ते उचललं नाही, मी म्हणेपर्यंत. आईनं मला हे कधी सांगितलं नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवताना ती नेहमी दोनदा फिरवायची, एवढंच आता आठवतं. दशम्यांच्या फडक्यातला तो तेलकट उतारा मी उन्हात वाळवून फायलीत लावला. मीच तो दगड.

तेव्हा मी तुमच्याहून नऊ महिन्यांनी धाकटा. फरक तेवढाच राहिला, फक्त बाजू बदलली. आत्यानं हेही सांगितलं की मागल्या महिन्यात तुम्ही तिच्याकडं येऊन बसला होतात, आणि निघताना विचारलंत, "सोपान्या येतो का हिकडं?" ती म्हणाली, "दोघांची मिळून दीडशे वर्सं झाली आन् अजून माईकवरनं भांडताय. आनखी मला किती दिस जगायला लावताय?"

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. तुमच्या घराला तीनच पायऱ्या आहेत. प्रतिज्ञापत्र सोबत आणतो, थोरले म्हणून सही तुमची. ठमावहिनींना सांगा, पदर आहे तिथंच राहू दे.

ता. क. तिसरा, आणि खरं तर याच्यासाठीच एवढी पानं. श्रेयाच्या लग्नात माईक मला द्यावा. अकरा कडवी नकोत. पहिली तीन झालेली आहेत, मी चौथ्यातल्या 'असा'च्या पुढून धरतो, आठच उरतात, म्हणजे शास्त्राप्रमाणे अष्टकच झालं. मुहूर्त टळायला लागला तर माईक ओढू नका, थोरल्या माणसानं नुसता माझा कान धरावा. तुमचा हात पोचतो.

आणि पत्राच्या सुरुवातीला नावाआधी जागा सोडलेली आहे, तिथं तेवढं 'तीर्थस्वरूप' तुमच्याच हातानं लिहून घ्या. आता मी लिहिलं तर शाई वेगळी दिसेल, आणि वहिनी विचारतील.

तुमचा धाकटा,
दगडू